‘सर्वे’, ‘पाहणी’ आणि ‘सर्वेक्षण’

नसरापूरहून वेल्ह्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर, साखरमार्गे राजगडाची वाट जेथून फुटते, तेथे मार्गासनी हे गाव आहे. तेथील एखाद्या भातखाचराचा सातबारा पाहिला असता एकाच कागदावर दोन शब्दांची गाठ पडते. बारा नंबरचा भाग हा पीकपाहणीचा. वरच्या भूमापन क्रमांकास मात्र बोलण्यात ‘सर्वे नंबर’ म्हणतात. विद्यापीठात या दोहोंच्या जागी ‘सर्वेक्षण’ हा तिसराच शब्द रूढ आहे.

इंग्रजीत ‘सर्व्हे’ फ्रेंचमधून आला. त्याचे मूळ मध्ययुगीन लॅटिनमधील ‘सुपरव्हिडेरे’, म्हणजे वरून पाहणे. ‘सुपरवायझर’ही त्याच मुळाचा; तेव्हा पाहणी करणारा संशोधक व त्याचा मार्गदर्शक व्युत्पत्तीने एकाच कुळातले ठरतात! दख्खनमध्ये 1828 च्या सुमारास प्रिंगलने केलेली जमीनमोजणी फसली. पुढे 1835 पासून गोल्डस्मिड व विंगेट यांनी इंदापुरापासून नवी मोजणी हाती घेतली, आणि त्या व्यवस्थेबरोबर ‘सर्वे’ हा शब्द शेताच्या बांधापर्यंत पोहोचला.

‘पाहणी’ त्याहून जुनी. ती पेशवाईच्या महसुली कागदपत्रांत आढळते. ‘पाहणे’ या क्रियापदाचा संबंध प्राकृत ‘पासइ’ व संस्कृत ‘पश्यति’ यांच्याशी जोडला जातो. तिच्यात ‘वरून’ हा अर्थ नाही. सर्वे जमिनीची हद्द ठरवितो. पाहणी दर हंगामी उभे पीक व प्रत्यक्ष कसणारा हात पाहते. हा भेद केवळ कोशातला नव्हे. 1948 च्या कूळकायद्यानंतर कुळाची वहिवाट सिद्ध करताना पीकपाहणीतील नोंदीस मोठे महत्त्व आले. नाव गाळले गेलेल्या कुळास ती सिद्ध करणे अवघड होई.

‘सर्वेक्षण’ म्हणजे ‘सर्व’ अधिक ‘ईक्षण’. संधी निर्दोष आहे, तथापि शब्दाची निवड इंग्रजी ध्वनीने केली हे उघड आहे. त्या ओघात मूळचे ‘वरून’ लोपले आणि ‘सगळे’ आले. परिणामी शंभर घरांच्या नमुना-चाचणीसही सर्व पाहिल्याचा दावा नकळत चिकटतो. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड 1905 मध्ये निघाला. तोही निवडक नमुन्यांवरच उभा आहे.

15 ऑगस्ट 2021 पासून राज्यभर सुरू झालेल्या योजनेस शासनाने ‘ई-पीक पाहणी’ असे नाव दिले. तीत पिकाचे छायाचित्र शेतकरी स्वतः आपल्या मोबाइलवर घेतो. तलाठ्याकडे पडताळणी राहिली.