मेंदूचा हादरा, खेळाडू मुलांमधील
(कंकशन). डोक्याला, मानेला किंवा अंगाला बसलेल्या जोरदार धक्क्याने मेंदूच्या कामात येणारा तात्पुरता बिघाड. बहुतेक मुलांची शुद्ध हरपत नाही, म्हणूनच ही दुखापत नजरेतून सुटते. भांबावलेली नजर, जाणारा तोल, अडखळती उत्तरे इतरांना दिसतात. डोकेदुखी, मळमळ, उजेडाचा त्रास मात्र मुलाने सांगावा लागतो, आणि संघाबाहेर बसण्याच्या धास्तीने ते पुष्कळदा गप्प राहते. काही लक्षणे दुसऱ्या दिवशीही उमटतात.

तपासणीसाठी डॉक्टर २०२३ मधील ‘स्कॅट ६’ (१३ वर्षांपुढे) किंवा ‘चाइल्ड स्कॅट ६’ (८ ते १२ वर्षे) वापरतात. मोठ्यांना हे मैदान कोणते, शेवटचा गोल कोणी केला असे विचारतात आणि डिसेंबरपासून उलटे महिने म्हणायला लावतात. लहानांना रविवारपासून उलटे वार. मग पुढच्या पायाची टाच मागच्या पायाच्या बोटांना लावत सरळ रेषेत चालायचे. सीटी स्कॅन बहुधा निर्दोष येतो; तो रक्तस्राव शोधण्यासाठी असतो, हादरा नाही हे त्यातून ठरत नाही. वाढती डोकेदुखी, वारंवार उलट्या, झटके, मानदुखी किंवा गुंगी असल्यास तडक रुग्णालय गाठावे.

नुसती शंका आली तरी त्या दिवसापुरता खेळ बंद. अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्याने २००९ मध्ये तसा कायदाच केला. डोके आपटल्यावर पुन्हा मैदानात उतरून कायमचे अपंगत्व आलेल्या झॅकरी लिस्टेड या शाळकरी फुटबॉलपटूचे नाव त्याला आहे. एकदोन दिवसांच्या विश्रांतीनंतर आधी शाळा, मग टप्प्याटप्प्याने सराव, आणि डॉक्टरांच्या परवानगीनेच सामना.