मोठ्यांची भातुकली

भातुकलीत मूल घराचा क्रम उलटा लावते. एरवी ज्याला भरवावे लागते तेच वाढायला उभे राहते, आईला पाहुणी म्हणून बोलावते आणि खोटा भात संपवल्याशिवाय उठू देत नाही. लातूर जिल्ह्यात आणि त्याला लागून असलेल्या नांदेडच्या भागात वर्षातून एकदा मोठी माणसेही असाच खेळ मांडतात. तो दिवस मार्गशीर्षातल्या वेळ अमावस्येचा, बोलीत येळवस.

त्या दिवशी घराला कुलूप लागते आणि शेताचे घर होते. कडब्याच्या कोपीत चुन्याने रंगवलेले पाच दगड पांडव म्हणून पुजले जातात. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर असे जेवण उभ्या ज्वारी-हरभऱ्याच्या शेजारी होते. लातूर शहरातही संचारबंदी असावी तसा शुकशुकाट असतो. पोरांसाठी झाडांना झोके बांधले जातात आणि त्या दिवशी अभ्यासाचे नाव कोणी काढत नाही.

या सणाचे मूळ शोधताना कानडीकडे जावे लागते. कर्नाटकात या दिवसाला एळ्ळ अमावास्या म्हणतात. कानडीत एळ्ळु म्हणजे तीळ. त्याचीच मराठीत ‘येळ’ आणि पुढे ‘वेळ’ झाली असावी, असे आम्हांस वाटते. उदगीर, निलंगा व अहमदपूर हे तालुके पूर्वी हैदराबाद संस्थानातल्या बिदर जिल्ह्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार राज्यपुनर्रचनेत ते मराठी मुलखात आले. सीमा आखली गेली, तरी आंबिलीचे मडके आजही तिच्या दोन्ही बाजूंना एकाच दिवशी शेतात जाते.

पण ही उलटापालट कितपत खरी? आदल्या दिवशी शेंगा सोलण्यापासून भल्या पहाटेच्या स्वयंपाकापर्यंत बहुतेक घरांत राबणारे हात बायकांचेच असतात. ज्यांना शेत नाही त्यांना आवर्जून बोलावण्याची रीत उदार आहे. तरी दुसऱ्या दिवशी मालक मालकच राहतो आणि मजूर मजूरच.

भातुकलीतले मूल याहून पुढे जाते. ते आईला आधी बसवते आणि स्वतः वाढते. येळवशीच्या पंगतीत एखाद्या वर्षी तरी मोठ्यांनी एवढे करून पाहावे.