देव पाण्यात

मराठीत ‘देव पाण्यात घालून बसणे’ असा एक वाक्प्रचार आहे. एखादी गोष्ट घडावी म्हणून जीव टांगणीस लागला आणि आपल्या हाती करण्यासारखे काहीच उरले नाही, म्हणजे मनुष्य देव पाण्यात घालतो. पर्जन्य लांबला की महादेवाचा गाभारा पाण्याने भरावयाचा, पिंडी बुडवून ठेवावयाची आणि पाऊस पडल्यावाचून देवाची सुटका करावयाची नाही, ही चाल आपल्याकडे जुनी आहे. तीत जितकी भक्ती तितकीच अडवणूक. खेळाच्या वेडाचा इतिहास लिहू पाहणाराने आरंभ येथूनच करावा, असे आम्हांस वाटते. कारण सामन्याच्या दिवशी हा वाक्प्रचार अलंकार राहत नाही, अक्षरशः खरा होतो. आमच्या आजीने देव्हाऱ्यातला गणपती तांब्याच्या गडव्यात बुडवलेला आम्ही स्वतः पाहिला आहे, आणि तो पावसासाठी खास नव्हता.

आमचे आसेगाव वऱ्हाडातले. तेव्हा ते अकोला जिल्ह्यात होते, १९९८ पासून वाशीम जिल्ह्यात आहे. वास्तविक १९२८ पासून १९५६ पर्यंत सलग सहा ऑलिंपिकांत सुवर्णपदक मिळविणाऱ्या हॉकीचे वेड या देशाने डोक्यावर घ्यावयाचे; पण रेडिओवर दिवसच्या दिवस ऐकता येईल असा संथ खेळ क्रिकेटच, आणि कापसाच्या मुलखास दीर्घ प्रतीक्षेची सवय होतीच. शिवाय शकुनाचे शास्त्र आमच्याकडे आयते तयार होते. पिके घरात आल्यावर शंकरपट भरत. धावणाऱ्या बैलजोडीच्या गळ्यात काळा दोरा बांधावयाचा, लिंबू उतरून टाकावयाचे, जोडीचे कौतुक परक्याच्या तोंडून ऐकू आले की मालकाने चरकावयाचे, हे सर्व त्या पटावर चाले. (२०१४ साली सर्वोच्च न्यायालयाने अशा शर्यतींवर बंदी घातली, २०२१ च्या डिसेंबरात ती सशर्त उठली आणि २०२३ मध्ये राज्याचा कायदा वैध ठरला. मधल्या वर्षांत लिंबे किती वाचली असतील कोण जाणे!) पटावरचे हे शास्त्र आमच्या थोरल्या काकांनी जसेच्या तसे उचलून रेडिओपुढे आणून ठेविले.

काकांचे नियम पुष्कळ होते. ज्या सदऱ्यात एकदा विजय ऐकला तो सदरा पुढल्या सामन्यापर्यंत धुवावयाचा नाही. रेडिओ कोनाड्यातून हलवावयाचा नाही. फलंदाज नव्वदीत शिरला की शतकाचा उच्चार करावयाचा नाही, केलाच तर आजी माजघरातून ओरडे, “बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी! तोंडातून काढू नको बाप्पा.” सर्वांत कडक नियम जागेचा. कोणी लघुशंकेस म्हणून उठला आणि तेवढ्यात प्रतिपक्षाचा गडी बाद झाला, तर त्याने परत यावयाचे नाही. आमच्या बालपणातील निम्मे विजय आम्ही गोठ्याच्या भिंतीआडून ऐकले आहेत, आणि त्यांची गोडी बैठकीतल्या विजयांहून रतिभरही कमी नव्हती. सामना जिंकल्यावर काका ‘गंगेत घोडं न्हालं’ एवढेच म्हणत व रेडिओवर पंचा झाकीत. त्या पंच्याच्या घडीत जे समाधान असे ते आम्ही पुढे विद्वानांच्या सभांतून फारसे पाहिले नाही.

यावर तर्कशास्त्राचे म्हणणे सर्वांस ठाऊक आहे. कावळा बसावयास आणि फांदी मोडावयास एकच गाठ पडली. संस्कृत पंडितांनी याला काकतालीय न्याय म्हणून निकालात काढले. पण हा निकाल खेळणाऱ्यांनीच मानलेला नाही, मग ऐकणाऱ्यांनी का मानावा? ऑस्ट्रेलियन खेळाडू ८७ या आकड्यास भितात, कारण शंभरास तो तेरा कमी. इंग्रजांस १११ चे भय. त्यांचे पंच डेव्हिड शेफर्ड हे धावसंख्या त्या आकड्यावर असेपर्यंत एक पाय उचलून लंगडी घालीत, आणि हजारो प्रेक्षक त्याचीच वाट पाहत. मोहिंदर अमरनाथांच्या खिशात तांबडा रुमाल असे; सचिन तेंडुलकर डाव्या पायाचे पॅड आधी बांधीत. आपल्याकडेही तेरा हा आकडा बदनाम आहे. पण आपला ‘दुष्काळात तेरावा महिना’ पंचांगातल्या अधिक मासाचा आहे, आणि घरात धान्य संपले असता एक महिना जास्त काढणे म्हणजे काय हे ज्यास ठाऊक त्यास त्यात अंधश्रद्धा दिसणार नाही.

हे सारे निरुपद्रवी आहे असे म्हणून आम्ही येथेच थांबलो असतो. परंतु काकांचा जागेचा नियम ज्या मुळातून निघाला त्याच मुळाला दुसरीही फळे आहेत. नवी सून घरात आली आणि बैल मेला, तर तिचा पायगुण. विधवा समोरून आली, तर अपशकुन. तर्क तोच, कावळ्याचा आणि फांदीचा. फरक एवढाच की गोठ्याआड उभा राहिलेला मुलगा सामना संपताच आत येतो. पांढऱ्या पायाची ठरलेल्या सुनेचा सामना कधी संपत नाही. आणि या कुळातील सर्वांत थोरला भ्रम जो विटाळाचा, तो तर क्रिकेटच्या मैदानावर प्रत्यक्ष उतरला होता. त्याची गाठ जेव्हा जिंकण्याच्या हव्यासाशी पडली तेव्हा काय झाले, हे महाराष्ट्राच्या क्रीडेतिहासातील एक अत्यंत बोधप्रद प्रकरण आहे.

पळवणकर बाळू हे चर्मकार जातीत जन्मलेले. पुण्यास युरोपियनांच्या क्लबात दरमहा चार रुपयांवर खेळपट्टी लाटणे, जाळी उभारणे ही त्यांची कामे. तेथे साहेबांस सरावासाठी ते गोलंदाजी करीत. ग्रेग नावाच्या नामांकित फलंदाजास तर त्यांनी तासन्‌तास चेंडू टाकले, आणि त्या चाकरीतच त्यांचा डावरा हात तयार झाला. फलंदाजी मात्र साहेबांनी स्वतःकडे ठेविली. पुढे पुण्याच्या हिंदूंस युरोपियनांवर मात करावयाची होती. बाळूस घ्यावे की न घ्यावे यावर वाद माजला, आणि त्यांच्यावाचून जय नाही हे दिसू लागले तेव्हा त्यांस घेतले. मैदानावर ते टाकीत तोच चेंडू इतर सर्व जण झेलीत, अडवीत, परत फेकीत. चहाची वेळ झाली म्हणजे बाकीचे आत जात, आणि बाळूंस बाहेर मातीच्या भांड्यातून चहा मिळे. जेवणाचे ताट निराळे.

वाचकांनी येथे क्षणभर थांबून त्या चेंडूचा विचार करावा. तो कातड्याचा. ज्या जातीने कातडे कमाविले म्हणून तिचा विटाळ, त्या जातीच्या हातून सुटलेले कातडे उच्चवर्णीयांनी आनंदाने दोन्ही तळहातांत धरावे आणि चहाच्या कपापाशी मात्र धर्म आठवावा! इतका विसंगत आचार केवळ शास्त्राधाराने टिकणे शक्य नव्हते, आणि तो टिकलाही नाही. बाळू मुंबईस आले. १९०६ च्या फेब्रुवारीत हिंदूंचा युरोपियनांशी सामना झाला. हिंदूंच्या धावा २४२ व १६०, युरोपियनांच्या १९१ व १०२. हिंदू १०९ धावांनी विजयी. बाळूंनी त्या सामन्यात ८ गडी बाद केले, त्यांतले ५ दुसऱ्या डावात. मुंबईत तोवर त्यांचे सहकारी त्यांच्यासह एका पंक्तीस जेवू लागले होते, आणि त्या काळच्या सुधारकी पत्रांनी विजयाइतकेच या पंक्तीचेही कौतुक केले. १९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली जो संघ विलायतेस गेला, त्यात बाळूंनी ११४ बळी घेतले.

यावरून खेळाने अस्पृश्यता मोडली असा सिद्धान्त काढण्याचा मोह अनेकांस होतो. आम्हांस तो पटत नाही. प्रेक्षकाने बाळूंस डोक्यावर घेतले हे खरे. पण संघाचे कर्णधारपद त्यांस रीतसर कधीही मिळाले नाही. १९२० साली त्यांच्या कुटुंबावर अन्याय झाला म्हणून बंधू विठ्ठल व शिवराम यांनी संघातून अंग काढून घेतले. १९२३ साली अखेर विठ्ठल कर्णधार झाले आणि त्याच वर्षी हिंदूंनी चौरंगी सामने जिंकले. विठ्ठलांनी आपले ‘माझे क्रीडा-जीवन’ १९४८ साली मराठीत प्रसिद्ध केले. आमच्या घरांतून जी चरित्रे वाचली जातात त्यांत त्याचे नाव क्वचितच निघते. प्रेक्षकाचे प्रेम खरे असते, पण ते प्रेम सामन्यापुरते असते, आणि सामन्यापुरत्या प्रेमाने जेवढे होते तेवढे झाले. उरलेल्यासाठी निराळी माणसे व निराळे लढे लागले. १९३७ च्या निवडणुकीत स्वतः बाळू डॉ. आंबेडकरांविरुद्ध काँग्रेसतर्फे उभे राहिले आणि पडले, यावरून तो प्रश्न मैदानाच्या किती बाहेर गेला होता हे दिसते.

आता आसेगावची गोष्ट सांगावयास हरकत नाही. ती या इतिहासाचीच एक धाकटी शाखा आहे. १९८३ च्या जून महिन्याची २५ तारीख. लॉर्ड्सवर विश्वचषकाचा अंतिम सामना. भारताच्या धावा अवघ्या १८३, आणि रिचर्ड्स असा मारीत सुटला होता की काकांनी दोनदा सदरा बदलण्याचा विचार बोलून दाखविला. त्यातच रेडिओ खरखरू लागला. आमच्याकडे एक सालदार होते. १९५६ साली नागपुरास दीक्षा घेऊन परतलेल्या बापाचे हे चिरंजीव. आमच्या बैठकीचा उंबरठा त्यांनी ओलांडण्याची चाल नव्हती, कायद्याने काहीही म्हटलेले असो. ते ओट्याच्या पायरीवर बसून ऐकत, आणि आम्हां सर्वांहून त्यांस खेळ अधिक कळे. उंच माणूस म्हणून काकांनी त्यांस आत बोलाविले व एरियलची तार खांबाशी वर धरावयास सांगितले. तार वर गेली, आवाज स्वच्छ झाला, आणि कपिल देव मागे मागे धावत गेला, त्याने झेल घेतला! रिचर्ड्स ३३ धावांवर गेला. वेस्ट इंडीज ३ बाद ५७.

घरात आरोळी उठली. ती शमते न शमते तोच काका गंभीर झाले. नियम तो नियम. सालदारांनी तेथून हलावयाचे नाही. थोड्या वेळाने सालदारांनी तार खुंटीस अडकविली आणि म्हटले, “मालक, मी उठलो त मॅच जाईन, अन् बसलो त तुमचं घर बाटन. काय कराचं ते ठरवा.” काका आजीकडे पाहू लागले. सोवळ्याओवळ्याचे अधिकार तिचे. ती माजघराच्या दारातून म्हणाली, “बस बाप्पा! घर गोमुतरानं शुद्ध होते, हारलेली मॅच कायनं शुद्ध होते?” सालदार खांबाजवळ बसले. मध्यरात्रीच्या सुमारास होल्डिंग पायचीत झाला, वेस्ट इंडीज १४० वर आटोपले, आणि ४३ धावांनी जिंकलेल्या त्या सामन्याचा चहा त्यांनी आमच्या बैठकीत, आमच्याच कपातून घेतला. काकांनी रेडिओवर पंचा घालावयाचे राहूनच गेले.

सकाळी आजीने गणपती पाण्यातून काढून पुसला, देव्हाऱ्यात ठेविला आणि मग खांबाभोवती गोमूत्र शिंपडले. सालदार गोठ्यात शेण काढीत होते. त्यांस ते दिसले असावे.

त्याच हिवाळ्यात वेस्ट इंडीजचा संघ सूड घ्यावयास भारतात आला. पाचही एकदिवसीय सामने आपण हरलो; सहा कसोटींपैकी तीन हरलो, तीन अनिर्णित राहिल्या. सालदार त्या दिवसांत कापूस वेचणीवर लक्ष ठेवीत व संध्याकाळी पूर्ववत पायरीवर बसत. कलकत्त्याची कसोटी डावाने गेली तेव्हा काकांनी बाहेर येऊन त्यांस फैलावर घेतले की खांबाजवळची जागा रिकामी राहिली म्हणूनच हे सारे झाले, एवढे माहीत असून तुम्ही आत का आला नाहीत?

सालदार विडी विझवीत म्हणाले, “मले बोलावलं कोणं होतं, मालक?”