बाळंतिणीचे मन आणि डॉक्टरांच्या पाठीशी मनोविकारतज्ज्ञ

गर्भवतीचे वजन, रक्तदाब आणि हिमोग्लोबिन यांची नोंद प्रत्येक तपासणीत होते. तिला झोप लागते का, मन कशात रमते का, हे मात्र क्वचितच विचारले जाते. गोव्यातील एका जिल्हा रुग्णालयात डॉ. विक्रम पटेल व सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. प्रसूतीनंतर सहा ते आठ आठवड्यांनी २३ टक्के मातांमध्ये नैराश्य असल्याचे त्यात आढळले. आर्थिक ओढाताण आणि नवरा-बायकोतील तणाव ही त्यामागची ठळक कारणे होती. मुलगा हवा असताना मुलगी झाल्याने येणारा ताणही त्यात होता.

अशी माता प्रथम मनोविकारतज्ज्ञाकडे जात नाही. ती भेटते स्त्रीरोगतज्ज्ञाला, प्राथमिक आरोग्य केंद्रातील वैद्यकीय अधिकाऱ्याला, बालरोगतज्ज्ञाला किंवा आशा कार्यकर्तीला. म्हणूनच या मंडळींना मनोविकारतज्ज्ञाचा सल्ला वेळेवर मिळणे, हा मातेच्या उपचाराचाच भाग ठरतो.

तीन वेगळ्या अवस्था

प्रसूतीनंतर तिसऱ्या-चौथ्या दिवशी अनेक जणींना उगाच रडू येते, चिडचिड होते. हा हळवेपणा साधारण दोन आठवड्यांत आपोआप ओसरतो. उदासी, निरुत्साह, अपराधीपणा आणि बाळ झोपले तरी झोप न येणे हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले, तर ते नैराश्य असू शकते. त्याला समुपदेशन आणि गरजेनुसार औषधे लागतात. नैराश्याची चाचपणी करण्यासाठी १९८७ मध्ये तयार झालेली एडिंबरो प्रश्नावली वापरतात. तिच्यात अवघे दहा प्रश्न आहेत. ती निदान करीत नाही. पुढे कोणाची सविस्तर तपासणी करावी, एवढे सांगते.

तिसरी अवस्था प्रसूतिपश्चात मनोविकृतीची. हजार बाळंतिणींत एक-दोघींना ती होते आणि बहुधा पहिल्या दोन आठवड्यांतच सुरू होते. झोप उडते, बोलणे असंबद्ध होते, भास होतात, बाळाविषयी विपरीत कल्पना येतात. घरात याला ‘बाहेरची बाधा’ समजून दिवस वाया जातात. प्रत्यक्षात ही तातडीने रुग्णालयात नेण्याची स्थिती आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१२ च्या वर्गीकरणानुसार गर्भारपणातील व प्रसूतीनंतरची आत्महत्या हा थेट मातामृत्यू मानला जातो, हे येथे लक्षात ठेवले पाहिजे.

औषधांचा पेच

उपचार करणाऱ्या डॉक्टरांची खरी अडचण औषधांपाशी येते. दिवस राहिल्याचे कळताच पूर्वीपासून चालू असलेली मानसिक आजाराची औषधे एकदम बंद केली जातात आणि आजार उलटतो. उलट, सोडियम व्हाल्प्रोएटसारखे औषध गर्भाला अपायकारक आहे; ते घेणाऱ्या मातांच्या सुमारे दहा टक्के बाळांत जन्मजात दोष आढळतात. त्यामुळे गर्भधारणेपूर्वीच पर्याय ठरवावा लागतो. लिथियम घेणाऱ्या स्त्रीच्या रक्तातील औषधाची पातळी वारंवार तपासावी लागते. सर्ट्रालिन अंगावरच्या दुधात फार कमी उतरते, त्यामुळे ते सुरू झाले म्हणून स्तनपान तोडण्याची सहसा गरज नसते. प्रत्येक वेळी औषधाचा धोका आणि उपचार न करण्याचा धोका यांची तुलना करावी लागते. हा निर्णय एकट्या डॉक्टरवर टाकणे योग्य नाही.

अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने यासाठी २०१४ मध्ये व्यवस्था उभी केली. तेथे स्त्रीरोगतज्ज्ञ दूरध्वनी करून मनोविकारतज्ज्ञाशी रुग्णाविषयी बोलतात आणि बरेचसे उपचार स्वतःच करतात. आपल्याकडे बंगळूरच्या निम्हान्स संस्थेत २००९ पासून माता आणि बाळ यांना एकत्र दाखल करून घेणारा विभाग आहे. २०२० च्या दूरवैद्यक मार्गदर्शक तत्त्वांनी एका डॉक्टरने दुसऱ्याचा दुरून सल्ला घेण्यास मान्यता दिली. उपचारांची जबाबदारी मात्र मूळ डॉक्टरचीच राहते.

सातारा-सांगलीत काय करता येईल

साताऱ्यातील क्रांतिसिंह नाना पाटील सामान्य रुग्णालय, सांगलीतील पद्मभूषण वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय, मिरजेचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि कराडचे कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय ही या भागातील आधारस्थाने. परंतु पाटणच्या डोंगरवाडीतील किंवा जतच्या पूर्व भागातील बाळंतिणीचा तेथे जाण्यायेण्यात दिवस मोडतो. ऊसतोडणीसाठी मराठवाड्यातून आलेली गर्भवती तर हंगाम संपताच निघून जाते. अशा ठिकाणी तज्ज्ञाचा दूरध्वनीवरील सल्ला गावच्या डॉक्टरपर्यंत पोहोचला, तर रुग्णाची पायपीट वाचते.

यासाठी वेगळी यंत्रणा हवीच असे नाही. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानात २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला गर्भवतींची तपासणी होते. त्यात मनाविषयीचे दोन प्रश्न विचारता येतील. रुग्णालयात प्रसूती झाल्यावर आशा कार्यकर्ती तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जाते. मनोविकृती बहुधा याच काळात उद्भवते. बाळाच्या वजनाबरोबर आईच्या झोपेचीही नोंद झाली, तर धोका लवकर कळेल. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमातील मनोविकारतज्ज्ञाशी बोलण्यासाठी ठरलेली वेळ आणि ठरलेला क्रमांक प्रत्येक वैद्यकीय अधिकाऱ्याकडे असावा, एवढीच भर घालायची आहे.

पहिले बाळंतपण माहेरी करण्याच्या रीतीने आणखी एक अडचण येते. साताऱ्यात सासर असलेली स्त्री सांगलीला माहेरी गेली की डॉक्टर बदलतात. पूर्वी मानसिक आजार झाला असल्यास आजाराची माहिती, औषधांची यादी आणि प्रसूतीनंतरच्या उपचारांची आखणी लिहिलेला कागद तिच्यासोबत जायला हवा. एका बाळंतपणात मनोविकृती झाली असेल, तर पुढच्या वेळी ती पुन्हा होण्याची शक्यता मोठी असते.

कायदा आणि कुटुंब

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार उपचारासाठी दाखल झालेल्या स्त्रीपासून तिचे तीन वर्षांखालील मूल सर्वसाधारणपणे दूर करता येत नाही. बाळाला धोका असल्यास तात्पुरते वेगळे ठेवता येते, पण देखरेखीखाली आई-बाळाची भेट चालूच ठेवावी लागते. आजारी आईला दाखल केले म्हणजे बाळ तुटले, ही भीती त्यामुळे अनाठायी ठरते.

घरच्यांनी बाळंतिणीला सलग काही तास झोप मिळेल असे पाहावे आणि तिचे बोलणे ‘सगळ्यांनाच होते’ म्हणून उडवून लावू नये. जिवाचे बरेवाईट करण्याचे किंवा बाळाला इजा करण्याचे विचार बोलून दाखवल्यास तिला एकटे सोडू नये. तत्काळ १०८ ची रुग्णवाहिका बोलवावी. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या टेलिमानस सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास विनाशुल्क सल्ला मिळतो. योग्य उपचार मिळाल्यास बहुतेक माता पूर्ण बऱ्या होतात.