व्हायोलिनवाले परत आले

'ऑर्केस्ट्रा' म्हटलं की आपल्याकडे अजूनही गणपतीच्या मांडवातला जुन्या हिंदी गाण्यांचा कार्यक्रम आठवतो. मी म्हणतोय तो दुसरा. साठ-सत्तर वादकांचा, पुढे छडी घेतलेला कंडक्टर, मागे व्हायोलिनं, चेलो, हॉर्न. आणि एवढ्या लवाजम्यानिशी वाजवतात काय, तर एके काळी पहाटे चारला क्लबात वाजणारी 'हाऊस' गाणी!

या प्रकाराला खरी प्रसिद्धी मिळाली २९ जुलै २०१५ ला, लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये. बीबीसीचा 'प्रॉम्स' हा १८९५ पासूनचा अभिजात संगीताचा महोत्सव. त्यात रेडिओ १ चा डीजे पीट टाँग, हेरिटेज ऑर्केस्ट्रा आणि कंडक्टर जूल्स बकली यांनी एक रात्र क्लबच्या गाण्यांची केली. निमित्त होतं इबिझा बेटावरच्या रेडिओ १ च्या कार्यक्रमांना २० वर्षं झाल्याचं. याच देशाने १९९४ मध्ये उघड्यावरच्या रात्रीच्या 'रेव्ह' पार्ट्या मोडायला कायदा केला होता, आणि त्यात संगीताची व्याख्या करताना एकापाठोपाठ एक येणाऱ्या त्याच त्या ठोक्यांचा खास उल्लेख केला होता. पोलिसांच्या कायद्यापासून अल्बर्ट हॉलपर्यंत २१ वर्षं. वाईट नाही :)

आता यावर नाक दोन्हीकडून मुरडता येतं. अभिजातवाले म्हणणार, हा बाजार आहे. जुने क्लबवाले म्हणणार, आमच्या घामेजल्या संगीताला सूट-बूट कशाला? मला मात्र दोघांचंही म्हणणं अर्धवट वाटतं, कारण हे संगीत मुळात व्हायोलिनवाल्यांच्याच घरातून निघालेलं आहे.

त्यासाठी १९७० च्या दशकातल्या फिलाडेल्फियात जावं लागतं. तिथे सिग्मा साउंड नावाच्या स्टुडिओत तीसहून जास्त वादकांचा एक ताफा होता, एमएफएसबी. खाली ड्रम आणि बासची घट्ट लय, वर व्हायोलिनांचे झुळझुळते पडदे. 'टीएसओपी' ही त्यांची धून १९७४ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेली. त्यांच्यातलेच बरेच जण पुढे व्हिन्स मोंटानाच्या साल्सोल ऑर्केस्ट्रात गेले. डिस्को म्हणजे चमचमता गोळा आणि पांढरी पँट एवढंच आपल्याला माहीत असतं, पण त्या तबकड्यांवर माणसं खरोखर बसून गज ओढत होती. वेष्टणावर त्यांची नावं? 'डॉन रेनाल्डो आणि त्याचे स्ट्रिंग्ज'. संपलं.

मग डिस्कोची लाट ओसरली आणि एवढे वादक परवडेनासे झाले. शिकागोत फ्रँकी नकल्स 'वेअरहाउस' क्लबात त्याच जुन्या तबकड्या वाजवत होता (या क्लबावरूनच 'हाऊस' हे नाव पडलं असं सांगतात), आणि त्याच्या आसपासच्या पोरांनी वादकांच्या जागी स्वस्त यंत्रं बसवली. १९८७ मध्ये डेट्रॉइटच्या डेरिक मेने केलेल्या गाजलेल्या ट्रॅकचं नाव 'स्ट्रिंग्ज ऑफ लाइफ', पण त्यात व्हायोलिनवाला एकही नाही. १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये सहा आठवडे पहिला राहिलेल्या ब्लॅक बॉक्सच्या 'राइड ऑन टाइम'मधला आवाज साल्सोलच्याच लोलिअ‍ॅटा हॉलोवेचा, तिच्या १९८० च्या गाण्यातून उचललेला. तिला त्यासाठी भांडावं लागलं. मुख्य गायिकेची ही कथा, मग मागच्या रांगेतल्यांना कोण विचारतो?

आपल्या मुंबईत तरी वेगळं काय झालं? सिनेमाच्या गाण्यांमागे अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा अशा गोव्याच्या वादक-संयोजकांच्या पिढ्या होत्या. तबकडीवर नाव संगीतकाराचं. पुढे सिंथेसायझर आले आणि स्टुडिओतल्या खुर्च्या कमी होत गेल्या. गंमत म्हणजे याच वादकांतल्या चरणजीत सिंग यांनी १९८२ मध्ये रोलंडची टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही यंत्रं घेऊन डिस्को ठेक्यावर दहा राग वाजवले. त्याच टीबी-३०३ च्या चिरक्या आवाजावर शिकागोत 'अ‍ॅसिड हाऊस' उभं राहिलं, १९८७ मध्ये! चरणजीतांची तबकडी त्या वेळी चालली नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा जगाचे कान टवकारले.

असो. मुद्दा वाजवण्याचा. हाऊसचा ठोका मिनिटाला साधारण १२० ते १३०, आणि तो कुणासाठी थांबत नाही. सिंफनीत कंडक्टर लय थोडी ताणू शकतो, इथे ती मुभा नाही, म्हणून अशा कार्यक्रमांत वादकांच्या कानात सहसा 'क्लिक' चालू ठेवतात. त्यात तेच चार-आठ बार मिनिटामागून मिनिट वाजवायचे. यंत्राचा हात दुखत नाही, माणसाचा दुखतो. सर्वांत अवघड काम ३०३ चं. तिचा आवाज बटण फिरवताच बंद डब्यातून उघड्यावर येतो. ते गजाने साधायला जावं तर जेमतेम जवळ पोचता येतं. पण कुठलाही आवाज हुबेहूब मशीनसारखा येत नाही, यातच मला मजा वाटते. हुबेहूब हवं असेल तर तबकडी आहेच.

२०१६ मध्ये मँचेस्टरनेही आपला अवतार काढला, 'हॅसिएंडा क्लासिकल'. फॅक्टरी रेकॉर्ड्स आणि न्यू ऑर्डर बँडच्या पैशावर १९८२ मध्ये उघडलेला हॅसिएंडा क्लब १९९७ मध्ये बंद पडला, २००२ मध्ये पाडला गेला, आणि तिथे त्याच नावाचे फ्लॅट उभे राहिले. आता त्याचे जुने डीजे ग्रॅम पार्क आणि माइक पिकरिंग मँचेस्टर कॅमराटा या ऑर्केस्ट्राबरोबर उभे होते. जून २०१७ मध्ये ग्लास्टनबरी महोत्सवाच्या मुख्य मंचावर शुक्रवारचा पहिला कार्यक्रम त्यांचाच होता. महिनाभरापूर्वी मँचेस्टर अरीनातल्या बॉम्बस्फोटात २२ माणसं गेली होती. आधी न्यू ऑर्डरच्या पीटर हुकने एक मिनिट शांतता पाळायला लावली. मग सकाळी अकराच्या सुमारास, लख्ख उजेडात, व्हायोलिनवाल्यांनी गज उचलले.