बूट कोठे चावतो?

शाळेची सहल गडावर निघाली की एक दृश्य हमखास दिसते. निम्मी वाट होते न होते तोच एखादा मुलगा दगडावर बसतो, बूट काढतो आणि टाचेवरचा फोड चाचपू लागतो. बूट नवा असतो, दुकानात घालून पाहिलेलाही असतो. मग तो चावतो कसा? या साध्या प्रश्नाचा इतिहास मोठा बोधप्रद आहे.

सतराव्या-अठराव्या शतकात युरोपात डावा बूट आणि उजवा बूट असा भेद बहुधा नसे. दोन्ही बूट एकाच सरळ कलबुतावर, म्हणजे लाकडी साच्यावर, तयार होत. १७८१ साली पेत्रुस काम्पर या डच शरीररचनाशास्त्रज्ञाने उत्तम बूट कसा असावा यावर प्रबंधच लिहिला. बुटाचा विचार पायाच्या रचनेपासून सुरू व्हायला हवा, हे त्यातून पुढे आले.

पुढचे महत्त्वाचे काम सैन्यात झाले. पायाला फोड आलेला सैनिक लढाईआधीच निकामी होतो. अमेरिकी सैन्यातील डॉक्टर एडवर्ड मन्सन यांच्या मंडळाने सुमारे चार वर्षे सैनिकांच्या पायांचा अभ्यास केला. १९१२ साली त्यांचे पुस्तक निघाले आणि बुटाचा नवा साचा आला. अंगठ्याच्या बाजूने सरळ, बोटांना ऐसपैस जागा देणारा. त्याबरोबर एक नियमही आला. सैनिकाने पाठीवर ४० पौंडांचे (सुमारे १८ किलो) ओझे घ्यावे, सगळा भार एका पायावर टाकावा आणि मग माप पाहावे. कारण उघड आहे. भार पडला की तळपायाची कमान थोडी सपाट होते, पाऊल लांब आणि रुंद होते. बसलेल्या माणसाचे पाऊल आणि चालणाऱ्याचे पाऊल यांचे माप एक नसते.

इतके कळल्यावर प्रश्न सुटायला हवा होता. पण १९२० च्या दशकात दुकानांत एक आकर्षक यंत्र आले. बोस्टनचे डॉक्टर जेकब लो यांनी १९१९ साली त्याच्या पेटंटसाठी अर्ज केला होता. लाकडी पेटीच्या खालच्या खाचेत मुलाने बुटासकट पाय घालायचा. खालून क्ष-किरण येत आणि वरच्या चमकणाऱ्या पडद्यावर पायाची हाडे दिसत. पाहण्यासाठी तीन झरोके असत : एक मुलाला, एक पालकांना, एक विक्रेत्याला. मुलांना गंमत वाटे, पालकांना विज्ञानाचा भरवसा वाटे आणि दुकानदाराचा माल खपे. १९५० च्या सुमारास एकट्या अमेरिकेत अशी सुमारे दहा हजार यंत्रे होती.

वास्तविक १८९५ मध्ये क्ष-किरणांचा शोध लागल्यानंतर थोड्याच काळात त्यांनी त्वचा भाजते हे लक्षात आले होते. तरीही वाढत्या वयाची मुले केवळ बुटांसाठी वरचेवर त्या पेटीत पाय घालत. यंत्रातून किरण बाहेरही झिरपत. दिवसभर तेथे उभ्या राहणाऱ्या विक्रेत्यांना त्यांचा त्रास अधिक. दहा वर्षे असे यंत्र वापरणाऱ्या एका विक्रेतीच्या पायांच्या त्वचेला झालेल्या विकाराची नोंद १९५७ साली वैद्यकीय नियतकालिकात आली. त्याच वर्षी पेनसिल्व्हानिया राज्याने या यंत्रांवर बंदी घातली. हळूहळू ती इतरत्रही हद्दपार झाली.

एवढे करून यंत्र सांगत काय होते? उभ्या, स्थिर पायाची हाडे! बूट कोठे दाबतो, चालताना टाच कोठे घासते, हे पडद्यावर दिसत नाही. ते पायालाच कळते.

१९२० च्याच दशकात सिराक्यूज गावी चार्ल्स ब्रॅनॉक या बूटविक्रेत्याच्या मुलाने धातूची एक साधी मोजपट्टी बनवली. ती पावलाची लांबी व रुंदी तर मोजतेच, पण टाचेपासून चवड्यापर्यंतचे अंतरही वेगळे मोजते. पाऊल चवड्याशी दुमडते. बूटही नेमका तेथेच दुमडला पाहिजे, नाहीतर तो चावणारच. ही मोजपट्टी आजही वापरात आहे.

परक्या मापांचा प्रश्न आपल्याकडेही आहे. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये लाखाहून अधिक भारतीयांची पावले मोजली, तेव्हा ती युरोपीय मापांच्या मानाने रुंद असल्याचे दिसले.

वर्गात एक प्रयोग करून पाहा. कागदावर पाऊल ठेवून त्याची बाह्यरेषा काढा. एकदा बसून, एकदा दप्तर पाठीवर घेऊन त्याच पायावर उभे राहून. दोन्ही पायांची तुलना करा. मग त्या कागदावर विद्यार्थ्याचा बूट ठेवा. रेषा बुटाबाहेर डोकावली, तर फोड कोठे येणार हे आधीच कळेल! बूट घेताना मोठ्या पायाचे माप धरावे, तेही संध्याकाळी, कारण दिवसभरात पाय थोडे सुजतात. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा असावी, टाच मात्र निसटू नये. सायकलसाठी तळ जरा कडक हवा, म्हणजे पेडल चवड्याला टोचत नाही. आणि दुकानात चार पावले चालून पाहावे. बूट कोठे चावतो, हे विक्रेत्याला नव्हे, आपल्या पायाला विचारायचे असते.