शेवटचा शब्द आणि दोन साक्षीदार

रिसोड तालुक्यातल्या आपल्या केनवडसारख्या गावात एखादे आजोबा पारावर बसून सांगतात, "विहिरीजवळचं वावर धाकट्याचं, नाल्याकडचं थोरल्याचं." ऐकणारे माना डोलावतात. पण आजोबा गेले, की तेच शब्द प्रत्येकाला निराळे आठवू लागतात.

आपल्या जुन्या धर्मशास्त्रात मृत्युपत्राला फारसं स्थान नव्हतं. वडिलार्जित जमिनीवर मुलाचा हक्क जन्मानंच येई. मूल नसलं तर दत्तक घेत. मृत्युपत्राची चाल रुजली ती इंग्रजी अमलात. १८७० च्या कायद्यानं मुंबई शहरातल्या हिंदूंना ते लेखी करणं भाग पडलं. शहराबाहेर मात्र तोंडी शब्दही चाले. १ जानेवारी १९२७ पासून तीही सवलत संपली.

लेखी कागद असूनही घर कसं पोळतं, याचा दाखला पुण्याचा आहे. ७ ऑगस्ट १८९७ रोजी सरदार बाबा महाराज पंडित पटकीनं मरणोन्मुख होते. त्याच दिवशी त्यांनी मृत्युपत्र केलं. विश्वस्तांत लोकमान्य टिळक होते, आणि आपल्या वऱ्हाडातले, अमरावतीचे दादासाहेब खापर्डेही. पत्नी ताई महाराज तेव्हा गरोदर होत्या. मुलगा झाला, पण थोड्याच काळात गेला. १९०१ मध्ये औरंगाबादेस दत्तकविधान झालं आणि त्यावरूनच वाद पेटला. टिळकांवर फौजदारी खटला झाला. १९०३ मध्ये शिक्षा झाली, १९०४ मध्ये हायकोर्टानं त्यांना निर्दोष सोडलं. दिवाणी दावा लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेला आणि १९१५ मध्ये दत्तकविधान वैध ठरलं. मित्राला दिलेला शब्द पाळायला जवळजवळ चौदा वर्षं कोर्टाची पायरी चढावी लागली!

मग आपण काय करावं? प्रकृती ठीक असतानाच लिहावं. साधा कागद चालतो, स्टँप लागत नाही. प्रत्येक वावराचा गट नंबर आणि घेणाऱ्याचं पूर्ण नाव घालावं. खाली सही करावी. सही येत नसेल तर अंगठा उठवावा. किमान दोन साक्षीदारांनी तो पाहून आपल्यासमोर सह्या कराव्यात. साक्षीदार आपल्याहून तरुण असावेत, कारण उद्या कोर्टात सांगायला निदान एक तरी लागतो. ज्याला जमीन द्यायची, त्यालाच साक्षीला घेऊ नये. संशयाला तेवढंच निमित्त पुरतं. नोंदणी सक्तीची नाही, पण दुय्यम निबंधकाकडे केलेली बरी.

एक ध्यानात ठेवा : देता येतं ते आपल्या मालकीचं, आणि १९५६ च्या कायद्यानं एकत्र कुटुंबातला आपला हिस्साही. मुलांचा हिस्सा आपल्याला वाटता येत नाही. आणि २००५ पासून मुलगीही त्यात बरोबरीची वाटेकरी आहे. मन बदललं तर नवं करता येतं. शेवटचंच खरं मानतात.

पारावरचा शब्द खोटा नसतो. पण सांगणारा गेल्यावर त्याच्या बाजूनं बोलायला कोणीतरी हवं. ते काम तो कागद आणि ते दोन साक्षीदार करतात.